गटारीचं मटण आणि रेड वाइनची एक बाटली

आमच्या शिरगावच्या घरात काचेचा एकही ग्लास नाही. पाहुणे आले की सरबत स्टीलच्या पेल्यात, कोल्ड्रिंकही स्टीलच्या पेल्यात. २०१३ साली आईने घरातले सगळे काचेचे ग्लास एका गोणीत भरले आणि भंगारवाल्याला देऊन टाकले. त्याने काचेचे काही पैसे मिळणार नाहीत म्हटल्यावर ती म्हणाली, "नको देऊस, पण घेऊन जा." कोणी विचारलं तर आजही "फुटतात गं" एवढंच सांगते.

आणि मी, जिला हे सगळं माहीत होतं, २०२४च्या गटारीला वर्तमानपत्रात गुंडाळलेले सहा वाइन ग्लास आणि रेड वाइनची एक बाटली सॅकमध्ये घालून नाशिकहून घरी आले.

मी नाशिकच्या एका वायनरीत टेस्टिंग रूममध्ये काम करते. आई नातेवाइकांना सांगते, "ती हॉटेल लाइनला आहे." माझं काम म्हणजे मुंबई-पुण्याहून आलेल्या लोकांना पाच-सहा वाइन्स थोड्या थोड्या ओतून द्यायच्या, ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा हे सांगायचं आणि जाताना दोन बाटल्या विकायच्या. सोबत काय खायचं हेही सांगायचं. ट्रेनिंगमध्ये आम्हाला जी यादी पाठ करायला लावली होती तिच्यात चीज होतं, पास्ता होता, ग्रिल्ड लॅम्ब होतं. पण शनिवारी दुपारी दोन गाड्या भरून आलेल्या कुटुंबातला एखादा काका हमखास विचारायचा, "मॅडम, आपल्या मटणाबरोबर कुठली चालेल?" यादीत आपलं मटण नव्हतं. मी आपलं "फुल-बॉडीड रेड, सर" असं ठोकून द्यायचे.

फुल-बॉडीड म्हणजे काय, तेही सांगते. गायीचं दूध आणि म्हशीचं दूध आळीपाळीने तोंडात घेतलं की जो फरक जाणवतो, तो बॉडीचा फरक. चव नंतर, आधी तोंडातलं वजन. रेड वाइनमध्ये हे वजन अल्कोहोलमधून येतं, आणि द्राक्षाच्या साली-बियांमधून उतरलेल्या टॅनिनमधूनही येतं. टॅनिन म्हणजे तो तुरटपणा, ज्याने कच्चं केळं किंवा जांभूळ खाल्ल्यावर जीभ टाळ्याला चिकटल्यासारखी होते. आपल्या लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, तोंड कोरडं पडतं. रेड वाइन सालींसकट आंबवतात, म्हणून तिच्यात रंगही असतो आणि हा तुरटपणाही. व्हाइट वाइनचा रस आधीच सालींपासून वेगळा काढतात.

आपल्या मटणाचं उत्तर शोधायचं मी मनावर घेतलं. पप्पा मूळचे जुन्नरकडचे, त्यामुळे आमच्याकडे मटण म्हणजे भाजलेला कांदा, भाजलेलं सुकं खोबरं, आलं-लसूण आणि आईने उन्हाळ्यात करून ठेवलेला काळा मसाला. सोबत बाजरीची भाकरी. महिन्यातून एकदा घरी आले की परत जाताना आई डबा द्यायची, खालच्या पुडात सुकं आणि वरच्या पुडात रस्सा. बदलापूरहून लोकलने कल्याण, कल्याणहून नाशिक रोड. कसारा घाट चढेपर्यंत डब्याच्या वासाने शेजारचे लोक हैराण व्हायचे. रूमवर पोचले की टेस्टिंग रूममधून आणलेल्या, उघडून दोन दिवस झालेल्या बाटल्या समोर ठेवायच्या आणि मी आणि माझी रूममेट प्रयोगाला बसायचो.

पहिला प्रयोग नुसत्या कॅबरने सोव्हिन्यॉंचा. या द्राक्षाचे मणी लहान, साल जाड, त्यामुळे टॅनिन भरपूर. एक घोट वाइन, वर एक घोट रस्सा. तोंडात खडूची पूड आणि ठेचा एकत्र गेल्यासारखं झालं. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या नसांना उष्णतेचा भास करून देतं, त्याच नसांना अल्कोहोलही चेतवतं. म्हणून तिखटावर जास्त अल्कोहोलची वाइन घेतली की आग वाढते, आणि त्या आगीत टॅनिन कडू लागतं. रूममेट म्हणाली, "यापेक्षा ताक बरं." तिचं बरोबर होतं. मिरचीची आग शमवायला दुधातली प्रथिनंच कामाला येतात.

दुसरा नुसत्या शिराझचा. शिराझला काळ्या मिऱ्याचा वास येतो असं आम्ही पाहुण्यांना सांगतो तेव्हा ते हसतात, पण ती नुसती कल्पना नाही. मिऱ्याच्या वासाला जे रोटंडोन नावाचं संयुग कारणीभूत आहे, तेच शिराझच्या सालीतही सापडतं. काळ्या मसाल्याशी ते छान जुळलं. पण सुक्या मटणाची नळी, चरबीचा तुकडा तोंडात आला की शिराझ मागे पडायची.

तिसरा, दोन्हींच्या ब्लेंडचा. शिराझचा फळाळपणा आणि मिरं, त्याला कॅबरनेचा कणा. सुकं मटण, भाकरीचा तुकडा आणि वर हा घोट. मांसातली प्रथिनं, चरबी आणि मीठ या तिघांनी मिळून टॅनिनचा तुरटपणा खाली बसवला. खोबऱ्याने तिखटाची धार आधीच कमी केलेली होती. वाइन गोडसर लागायला लागली, जरी तिच्यात साखर जवळपास नव्हतीच. रूममेटने दुसऱ्यांदा भाकरी मागितली.

यातून मी माझी यादी बनवली आणि ती आजही पाहुण्यांना सांगते. सुक्या मटणाबरोबर ब्लेंड चालतो, रश्शाबरोबर नाही. रस्सा स्वतःच एक पेय आहे, त्याला दुसऱ्या पेयाची गरज नसते. घरी तिखट जास्त असेल तर कमी तुरट, कमी अल्कोहोलची वाइन निवडा. बाटली 'रूम टेम्परेचर'ला ठेवा हा सल्ला थंड देशातल्या खोल्यांसाठी आहे. रेडला १६ ते १८ अंश बरे, आणि आपल्याकडची खोली पावसाळ्यातही २७-२८ची असते, म्हणून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. पुरणपोळीबरोबर ड्राय रेड घेऊ नका, गोडावर ती आंबट-कडू होते. पदार्थाइतकी गोड वाइन लागते. लेट हार्वेस्ट शेनँ ब्लाँ म्हणजे वेलीवरच जास्त पिकू दिलेल्या द्राक्षांची वाइन, ती पोळीबरोबर बरी जाते. दिवाळीच्या चकलीबरोबर स्पार्कलिंग; बुडबुडे आणि आंबटपणा तळलेल्याचा तेलकटपणा कापतात. माझी वसईची सहकारी नाताळानंतर सोरपोतेलचा डबा आणायची. त्यात व्हिनेगर असतं आणि पदार्थ आंबट असला की वाइनचा आंबटपणा दबतो, म्हणून तिथे बऱ्यापैकी आंबट वाइन लागते, नाहीतर ती पाणचट वाटते.

हे सगळं शोधताना मला फार मजा येत होती. जे ज्ञान फ्रेंच-इटालियन जेवणाच्या आधाराने शिकवलं गेलं, ते मी आईच्या डब्याला लावत होते. शिवाय हे काही परक्याचं उसनं राहिलेलं नाही असंही वाटायचं. शामराव चौगुलेंनी ऐंशीच्या दशकात नारायणगावला, म्हणजे आमच्याच जुन्नर तालुक्यात, फ्रेंच तंत्राने स्पार्कलिंग वाइन केली. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून नाशिकला आले आणि आई सुलभा यांच्या नावावरून 'सुला' सुरू केलं; त्यांची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि नाशिक परिसरात वायनरीज वाढल्या. अकलूजच्या 'फ्रातेली'त तर इटलीचे, दिल्लीचे आणि अकलूजचे अशा भावांच्या तीन जोड्या आहेत. 'फ्रातेली'चा अर्थच भाऊ. त्यांची 'सेत्ते' ही सांजोवेझे आणि कॅबरनेचा ब्लेंड आहे. आपल्याकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते आणि वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये, थंडीत आणि थंडी सरताना. युरोपातल्या पुस्तकात हे असं नसतं. मला हे सगळं घरी सांगायचं होतं.

आता पप्पांबद्दल.

पप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात लेथवर होते. हात फार चांगला. आणि प्यायचे. रोज नाही असं सुरुवातीला, मग रोज. गटारी आमच्याकडे सणासारखी कधी आठवत नाही. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार म्हणून त्या दिवशी सगळं उरकून घ्यायचं असतं, त्यामुळे त्या रात्री ते घरी कधी येतील याचा नेम नसे. मी बारा वर्षांची होते त्या वर्षी रात्री साडेबाराला आई मला टॉर्च घेऊन बरोबर घेऊन गेली. धाकटा भाऊ झोपला होता. पाऊस होता आणि रस्त्यावरचे दिवे गेले होते. एका बंद दुकानाच्या पायरीवर पप्पा बसले होते, एका पायात चप्पल होती, दुसरी मांडीवर घेतलेली. मला बघून म्हणाले, "पट्टा तुटला, बाळा." मी ती चप्पल हातात घेतली आणि आम्ही तिघं चालत घरी आलो. त्यांनी कधी आमच्यावर हात उचलला नाही. ग्लास मात्र बरेच फुटले.

२०१३ला ते पुण्याला मुक्तांगणमध्ये गेले. डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ला सुरू केलेलं ते व्यसनमुक्ती केंद्र. कोणी सुचवलं, कसे तयार झाले, ही वेगळी गोष्ट आहे आणि ती त्यांची आहे. परत आले ते वजन कमी करून, आणि आल्यावर अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला जायला लागले. अजून जातात. अकरा वर्षांत एकदाही घेतली नाही. तरी आजही ते "मी पीत होतो" असं म्हणत नाहीत, "मी दारुडा आहे, आज प्यायलो नाही" असं म्हणतात. आधी मला ते ऐकायला नको वाटायचं.

मी वायनरीत लागले तेव्हा त्यांनी विरोध केला नाही. उलट आईला म्हणाले, "पोरगी शिकतेय काहीतरी." २०२२च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं आणि टीव्हीवर धुरळा उडाला. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय काही अमलात आला नाही. त्या दिवसांत मी घरी होते. टीव्हीवर कोणीतरी म्हणत होतं, वाइन म्हणजे दारू नव्हे. मी म्हटलं, "ऐका पप्पा, बरोबर बोलतायत. हे शेतीचं उत्पादन आहे. लोक जेवताना एक ग्लास घेतात, टाकत बसत नाहीत." पप्पा म्हणाले, "असेल." आणि आवाज कमी केला.

२०२४ला दीप अमावास्या ४ ऑगस्टला, रविवारी आली. रविवारी सुट्टी मिळवायला मला मॅनेजरशी दोन आठवडे वाद घालावा लागला, कारण शनिवार-रविवार म्हणजे आमचा धंदा. काका-काकू आणि चुलतभाऊ येणार होते. मी पप्पांना फोनवर विचारलं, "एक बाटली आणू का? काका आणि दादा घेतील थोडी. मला दाखवायचंय तुम्हाला, मी काय करते ते. तुम्हाला चालेल ना?"

"आण की," पप्पा म्हणाले. "मला काय होतंय?"

"आण की" म्हणजे काय, हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरात पप्पांनी अकरा वर्षांत कुठल्याच गोष्टीला नको म्हटलेलं नाही. आईने वेगळं बँक खातं काढलं, आण की. काकांनी गावच्या जमिनीत त्यांचा वाटा कमी धरला, असू दे की. आपण एवढं घेतलंय की आता मागायचा हक्क नाही, असा त्यांचा हिशोब आहे. मी त्याचा फायदा घेतला. तेव्हा मला ते तसं वाटलं नाही एवढंच.

सकाळी आईने घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले. समई, निरांजनं, देवळीतली जुनी पणती, लाइट गेल्यावर लागणारा कंदीलसुद्धा. कणकेचे गुळाचे दिवे उकडले. पूजा झाली. पप्पा रांगेत उभं राहून मटण घेऊन आले, दीड तास लागला म्हणाले. आईने आलं-लसूण, हळद, मीठ लावून ते फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी मी बाटली फ्रिजमध्ये ठेवायला गेले तेव्हा आईने काही न बोलता दुधाच्या पिशव्या त्या कप्प्यातून उचलून वरच्या कप्प्यात ठेवल्या. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाली, "काही नाही. सांडायला नको."

आठ वाजता जेवायला बसलो. बाहेर पाऊस होता, चंदेरीचा डोंगर दुपारपासूनच दिसत नव्हता. मी ग्लास मांडले. बूच काढलं. मला सवय आहे, माझे हात छान चालतात आणि मला बघणारी माणसं आवडतात. काकांना ओतली, दादाला ओतली, मला ओतली. भाऊ म्हणाला नको. मी समजावून सांगायला लागले: हे शिराझ, हे कॅबरने, आधी नुसती घ्या, मग मटणाचा तुकडा, मग परत घ्या, आता बघा तुरटपणा कुठे गेला. काकू म्हणाल्या, "बाई, किती शिकलीस गं." दादाने ग्लास उचलून काकांच्या ग्लासला लावला. टिंग.

मी पप्पांकडे बघत होते कारण त्यांना कौतुक वाटतंय का ते मला बघायचं होतं. तो आवाज झाला आणि त्यांची मान वळली. नाव घेऊन कोणी हाक मारावी तशी. वास, रंग या कशाचाच त्यांना काही त्रास झाला नव्हता. तो आवाज त्यांनी अकरा वर्षं ऐकला नव्हता, या घरात तरी.

त्यांनी बाटली उचलली. आईचा हात भाकरीवर थांबला. पप्पांनी चष्मा वर करून मागचं लेबल वाचलं.

"साडेतेरा टक्के," म्हणाले. "साडेसातशे मिली."

"हो," मी म्हटलं. "व्हिस्की बेचाळीसच्या वर असते पप्पा. हे तिच्या एक तृतीयांशपेक्षाही कमी."

"म्हणजे एकशे एक मिली झालं बाटलीत," पप्पा म्हणाले. त्यांचे हिशोब तोंडीच असतात, लेथवरची सवय. "साठच्या पेगमध्ये पंचवीस-साडेपंचवीस. म्हणजे चार पेग आहेत यात, बाळा. मोठे."

मी हा गुणाकार कधी केला नव्हता. तीन वर्षं मी रोज ती वाइन ओतत होते, टक्केवारी पाठ होती, आणि तरी एका बाटलीत चार पेग हे मी मांडून बघितलं नव्हतं. दीडशे मिलीचा जो एक ग्लास मी 'जेवताना एक ग्लास' म्हणायचे, तो पाऊण पेगाहून थोडा जास्तच. पप्पांना मात्र ते लेबल वाचल्यावर दहा सेकंदांत कळलं, कारण त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षं हाच हिशोब केला होता.

बाटली खाली ठेवून ते उठले. "फोन करून येतो," म्हणाले आणि गॅलरीत गेले. दार लोटलं. आम्ही सगळे जेवत राहिलो. काका गावच्या पावसाबद्दल काहीतरी बोलले. आतून मला पप्पांची पाठ दिसत होती. त्यांच्या ग्रुपमधल्या एका जुन्या माणसाला ते असा फोन करतात हे मला माहीत होतं, पण करताना मी कधी पाहिलं नव्हतं. वीस मिनिटं ते बोलत होते. मध्ये एकदा हसल्यासारखे वाटले. मी माझा ग्लास उचलून मोरीत ओतला आणि धुतला. मग दादाने न सांगता त्याचा ओतला. काका जरा वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी एका घोटात संपवला. ते तसेच आहेत.

पप्पा परत आले, पानावर बसले आणि आईला म्हणाले, "रस्सा गरम कर गं." दोन भाकरी खाल्ल्या. नळी फोडून खाल्ली. जाताना काकू ग्लास आवरायला लागल्या तर पप्पाच म्हणाले, "राहू द्या, फुटतील. ती आवरेल."

रात्री मी त्यांना म्हटलं, "सॉरी पप्पा. मी विचारायला नको होतं. म्हणजे, आणायलाच नको होती."

"विचारलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "मीच खोटं बोललो. नको म्हणायला पाहिजे होतं." थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "तुझं काम वाईट नाही. पण दारू नाही असं म्हणून विकू नकोस. दारू आहे म्हणून वीक. ज्याला झेपते तो घेईल."

आई दारात उभी होती. तिने एवढंच विचारलं, "उरलेली कुठे आहे?" मी सॅकमध्ये ठेवल्याचं सांगितलं. ती सॅक तिने रात्री स्वतःच्या उशाशी घेतली. सकाळच्या गाडीने मी ती बाटली आणि ग्लास परत नेले.

नोकरी मी सोडली नाही. खूप विचार केला आणि नाही सोडली. पण माझं बोलणं बदललं. कोणी विचारलं, "मॅडम, वाइन हेल्दी असते ना?" तर मी "नाही" म्हणते. बाटलीमागचा चार पेगांचा हिशोब सांगते. ग्रुपमधला एखादा माणूस "मी नाही घेत" म्हणाला तर पूर्वी मी "थोडीशी, चव तरी" म्हणायचे, ते बंद केलं. त्याचा ग्लास मी उचलून नेते, म्हणजे त्याला त्याच्यावर हात ठेवून बसायला लागत नाही. मॅनेजरला हे सगळं फारसं आवडत नाही. विक्री मात्र तेवढीच आहे.

त्या माणसांसाठी काय ओतायचं हा प्रश्न उरला. आमच्याकडे त्यांना पाणी किंवा गोड ज्यूस मिळतो, आणि मटणाबरोबर गोड ज्यूस म्हणजे शिक्षाच. मी परत यादीकडे गेले. मटणाला पाहिजे काय? तुरटपणा, आंबटपणा, थोडं मिरं, तोंडात वजन. यातल्या कशालाच अल्कोहोल लागत नाही. टॅनिन कोऱ्या चहात असतं. आणि दुसरं ज्यात असतं ते आमच्या स्टेशनबाहेर दर जूनमध्ये आदिवासी बायका टोपल्यांत घेऊन बसतात. बदलापूरच्या जांभळाला आता जीआय मानांकनही आहे. लहानपणी जीभ जांभळी करून एकमेकांना दाखवण्यापलीकडे मी त्याचा विचार केला नव्हता.

२०२५च्या जूनमध्ये आईने जांभळाचा गर काढून फ्रीझरमध्ये ठेवला. ते पाच-सहा प्रयत्न सांगत बसत नाही; शेवटी जे जमलं ते असं: कडक कोरा चहा पाच मिनिटं उकळत्या पाण्यात मुरवून गाळायचा आणि गार करायचा, त्यात गर, दोन आमसुलांचं पाणी, ठेचलेलं मिरं आणि चिमूटभर मीठ. साखर नाही. तासभर ठेवून परत गाळायचं.

त्या वर्षी अमावास्या गुरुवारी होती. गुरुवारी आमच्याकडे मटण होत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी, बुधवारी २३ जुलैला बेत ठरला. मधल्या वारी मला सुट्टीही सहज मिळाली. काका-काकू आले नव्हते, आम्ही चौघंच होतो. मी ते जांभळं पाणी तांब्यातून स्टीलच्या पेल्यांत ओतलं. स्टीलमध्ये रंग दिसत नाही, वासही नीट कळत नाही. टेस्टिंग रूममध्ये असं कोणी केलं तर मी ओरडेन.

पप्पांनी सुक्या मटणाचा तुकडा खाल्ला, एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावून बघितली. परत एक तुकडा, परत घोट. मी बघतेय हे त्यांना कळत होतं.

"तुरट आहे," म्हणाले.

"तसंच पाहिजे."

"मिरं कमी पडलंय."

आईने न विचारता मिऱ्याची बाटली पुढे सरकवली. भावाला ते अजिबात आवडलं नाही, त्याने फ्रिजमधून कोल्ड्रिंक आणलं. पप्पांनी दुसरा पेला मागितला. तो ओतताना माझा तांब्या पेल्याच्या काठाला लागला आणि स्टीलवर स्टीलचा आवाज झाला. मी चटकन पप्पांकडे बघितलं. ते नळी फोडत होते.